हाफकिन, प्लेगची लस आणि ५३ क्रमांकाची बाटली

परळच्या हाफकिन संस्थेचे नाव मुंबईत बहुतेकांच्या कानावरून गेलेले असते. पोलिओची लस, सर्पदंशावरचे औषध अशा निमित्ताने ते वर्तमानपत्रांतही येते. पण ज्यांचे नाव या संस्थेला दिले गेले, ते वाल्डेमार हाफकिन कोण होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. प्लेगवरची पहिली परिणामकारक लस त्यांनी मुंबईत, भायखळ्याला तयार केली. गंमत म्हणजे ते डॉक्टर नव्हते. ते होते प्राणिशास्त्रज्ञ, आणि त्यांच्या कामाची सुरुवात झाली ती साचलेल्या पाण्यात वळवळणाऱ्या एकपेशीय जीवांपासून.

सूक्ष्मजीव म्हटले की आपण सगळ्यांना एकाच टोपलीत टाकतो आणि ‘जंतू’ म्हणून मोकळे होतो. पण कोणता जंतू, तो कशावर जगतो, कशाने मरतो आणि कशाने मरत नाही, यावर माणसांचे जीव अवलंबून असतात. हाफकिन यांच्या आयुष्यात तर यावर त्यांची स्वतःची अब्रूही अवलंबून होती.

पाण्याच्या थेंबातले जग

हाफकिन यांचा जन्म १८६० मध्ये रशियन साम्राज्यातील ओडेसा या काळ्या समुद्राकाठच्या शहरात, एका ज्यू कुटुंबात झाला. १८७९ मध्ये ते ओडेसाच्या विद्यापीठात दाखल झाले. तिथे त्यांना इल्या मेचनिकॉव्ह हे गुरू लाभले. शरीरातल्या पांढऱ्या पेशी बाहेरून आलेल्या जंतूंना गिळून टाकतात, हे पुढे याच मेचनिकॉव्ह यांनी दाखवले आणि त्यासाठी त्यांना १९०८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

तो काळ रशियात मोठ्या उलथापालथीचा होता. १८८१ मध्ये झारचा खून झाला आणि पाठोपाठ ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. ओडेसातल्या ज्यू तरुणांनी वस्तीच्या रक्षणासाठी दले उभी केली. हाफकिन त्यांत होते. झारविरोधी क्रांतिकारकांशीही त्यांचा संबंध होता. त्यांना अटक झाली. मेचनिकॉव्ह यांनी रदबदली केली म्हणून ते सुटले. पदवी मिळाल्यावरही त्यांची वाट सोपी झाली नाही. ज्यू माणसाला विद्यापीठात प्राध्यापकपद हवे असेल, तर त्याने ख्रिस्ती व्हावे अशी अपेक्षा असे. हाफकिन यांनी धर्म बदलायला नकार दिला आणि ओडेसाच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात नोकरी धरली.

तिथे त्यांनी युग्लिनासारख्या जीवांचा अभ्यास केला. हे जीव आदिजीव या गटात येतात. आदिजीवाचे सगळे शरीर म्हणजे एकच पेशी. पण या एका पेशीत पुष्कळ सोयी असतात. आपल्या पेशींप्रमाणे तिच्यात केंद्रक असते आणि आनुवंशिक द्रव्य त्या केंद्रकात आवरणाआड ठेवलेले असते. युग्लिनाला हालचालीसाठी चाबकासारखा तंतू असतो, शिवाय वनस्पतीसारखे हरितद्रव्यही असते. प्रकाशात तो स्वतःचे अन्न तयार करतो आणि विरघळलेले पोषक पदार्थही शोषतो. त्यामुळे त्याला वनस्पती म्हणावे की प्राणी, असा प्रश्न त्या काळच्या अभ्यासकांना पडत असे.

जीवाणूची गोष्ट वेगळी. तोही एकपेशीयच, पण आकाराने फार लहान. मिलिमीटरचे हजार भाग केले, तर त्यांतल्या एक-दोन भागांएवढी बहुतेक जीवाणूंची जाडी-लांबी भरते. त्याला केंद्रक नसते. आनुवंशिक द्रव्य पेशीत मोकळेच असते. योग्य अन्न आणि ऊब मिळाली की तो दोनाचे चार, चाराचे आठ असा झपाट्याने वाढतो.

ग्रंथपालाच्या नोकरीतला संशोधक

रशियातले वातावरण नकोसे झाल्याने मेचनिकॉव्ह पॅरिसला पाश्चर संस्थेत गेले. हाफकिन १८८८ मध्ये जिनिव्हाला गेले आणि पुढच्या वर्षी गुरूमागोमाग पॅरिसला पोहोचले. संस्थेत संशोधकाची जागा रिकामी नव्हती. रिकामी होती ती साहाय्यक ग्रंथपालाची. हाफकिन यांनी ती घेतली. पुस्तकांचे काम आटोपले की उरलेला वेळ ते प्रयोगशाळेत घालवत.

१८९० मध्ये त्यांनी पॅरामिशियमच्या संसर्गजन्य रोगांवर एक निबंध प्रसिद्ध केला. पॅरामिशियम हा चपलेच्या आकाराचा आदिजीव. त्याच्या अंगावर बारीक रोम असतात आणि ते वल्ह्यांसारखे हलवत तो पाण्यात फिरतो. तो जीवाणू गिळून त्यांवर जगतो. हाफकिन यांना दिसले ते याच्या नेमके उलट. काही जीवाणू पॅरामिशियमच्या पोटात पचण्याऐवजी थेट त्याच्या केंद्रकात शिरून तिथे वाढत होते. हाफकिन यांनी या जीवाणूंच्या तीन जाती वर्णन केल्या आणि त्यांना होलोस्पोरा असे नाव दिले. ते नाव आजही वापरात आहे.

ज्याला आपण जंतू म्हणतो, त्यालाही जंतूंची बाधा होते! एक जीव दुसऱ्याला खातो, तर कधी ज्याला खायचे तोच खाणाऱ्याच्या आत घर करतो. रोग म्हणजे दोन जिवांमधली अशी झुंज असते आणि तिचा निकाल आधीपासून ठरलेला नसतो, ही गोष्ट हाफकिन यांनी भिंगाखाली पाहिली. मग प्रश्न उरतो तो असा, की झुंज सुरू होण्याआधीच माणसाची बाजू बळकट करता येईल का?

पटकीची लस

त्या वेळी युरोपला पुन्हा पटकीची, म्हणजे कॉलराची धास्ती होती. पटकीचा जीवाणू स्वल्पविरामासारखा वाकडा असतो. रॉबर्ट कॉख यांनी १८८३-८४ मध्ये इजिप्तमध्ये आणि कलकत्त्यात तो ओळखला होता. हाफकिन यांनी लसीसाठी दोन प्रकारचे जीवाणू तयार केले. गिनीपिगच्या पोटाच्या पोकळीतून एकामागून एक असे नेत त्यांनी एका वाणाची मारकशक्ती खूप वाढवली. दुसरा वाण हवेच्या झोतात, ३९ अंश सेल्सियस तापमानाला वाढवून दुबळा केला. आधी दुबळा वाण टोचायचा आणि काही दिवसांनी जहाल वाण, अशी त्यांची पद्धत होती. लस कातडीखाली दिली जाई. तिथून पटकीचा जीवाणू आतड्यात पोहोचून रोग निर्माण करत नाही, पण शरीराला त्याची ओळख होते.

१८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ही लस पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. ताप आला आणि उतरला. मग त्यांच्या काही मित्रांनी टोचून घेतली.

याच वर्षी रशियात दिमित्री इव्हानोव्हस्की एक वेगळाच प्रकार पाहत होते. तंबाखूच्या रोगट पानांचा रस त्यांनी चिनी मातीच्या अतिसूक्ष्म गाळणीतून गाळला. ही गाळणी जीवाणूंना अडवते. तरीही गाळलेल्या रसाने निरोगी रोपांना रोग झाला. म्हणजे जीवाणूपेक्षा लहान असे काहीतरी त्यात होते. १८९८ मध्ये नेदरलँड्सच्या बायेरिंक यांनी या रोगकारकाला विषाणू या अर्थाचे नाव दिले. विषाणूला पेशीच नसते. आनुवंशिक द्रव्य आणि त्याभोवती प्रथिनांचे कवच, एवढाच त्याचा संसार. त्याला मांसरसात वाढवता येत नाही. वाढण्यासाठी दुसऱ्याची जिवंत पेशी लागते. देवी आणि पिसाळ रोग हे दोन्ही विषाणूंचे. त्यांवरच्या लसी विषाणू म्हणजे काय हे कळण्याआधीच निघाल्या होत्या. पटकी आणि प्लेग मात्र जीवाणूंचे रोग. त्यांचे कारण प्रयोगशाळेत बाटलीत वाढवता येत होते, मोजता येत होते आणि मारताही येत होते. हाफकिन यांचे सगळे काम या सोयीवर उभे राहिले.

कलकत्त्याच्या वस्तीत

लस खरी कसोटीला लागणार ती जिथे पटकी आहे तिथेच. पॅरिसमधील ब्रिटिश राजदूत लॉर्ड डफरिन हे आधी हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. त्यांच्या सूचनेवरून आणि मदतीने हाफकिन मार्च १८९३ मध्ये कलकत्त्याला आले. पुढच्या दोन-अडीच वर्षांत उत्तर हिंदुस्थानात, बंगालमध्ये आणि आसामात फिरून त्यांनी ४२ हजारांहून अधिक लोकांना लस टोचली.

सुरुवातीला लोकांचा विश्वास नव्हता. परका माणूस, हातात सुई आणि सुईत रोगाचेच जंतू. यावर हाफकिन यांनी जबरदस्तीचा मार्ग धरला नाही. लोकांसमोर ते आधी स्वतःला टोचून घेत, सोबतच्या डॉक्टरांना टोचत आणि मग कोणी पुढे येते का याची वाट पाहत. १८९४ मध्ये कलकत्त्यातल्या कट्टल बागान वस्तीत पटकी शिरली. तिथल्या सुमारे २०० रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर वस्तीत आणखी दहा जणांना पटकी झाली आणि सात दगावले. हे दहाही लस न घेतलेले होते.

या फिरतीत हाफकिन यांना हिवतापाने गाठले. हिवतापाचा परजीवीही आदिजीवच. ज्या गटाच्या अभ्यासाने सुरुवात झाली, त्याच गटातल्या एका जिवाने त्यांना अंथरुणाला खिळवले. १८९५ मध्ये ते इंग्लंडला परतले आणि प्रकृती सुधारताच पुन्हा हिंदुस्थानात आले.

मुंबईत प्लेग

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी एका रुग्णाचा रोग गाठीचा प्लेग असल्याचे ओळखले. धान्याची गोदामे, दाटीवाटीच्या चाळी आणि उंदीर, असा तो भाग. रोग पसरू लागला आणि लोक गठुडी बांधून शहर सोडू लागले. सरकारने हाफकिन यांना मुंबईला पाठवले. ७ ऑक्टोबरला ते पोहोचले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि लगतचा व्हरांडा मिळाला. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई.

प्लेगचा जीवाणू दोन वर्षांपूर्वीच, १८९४ मध्ये, हाँगकाँगला अलेक्झांडर येरसँ यांनी शोधला होता. हाफकिन यांनी या वेळी पद्धत बदलली. प्लेगचा जिवंत जीवाणू कातडीखाली टोचणे म्हणजे प्लेगच देणे. म्हणून जीवाणू भरपूर वाढवायचे, मग उष्णतेने मारायचे आणि त्यांचे मेलेले अवशेष टोचायचे, असे त्यांनी ठरवले. शरीर ते अवशेष ओळखते आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. पुढे खरा जीवाणू शिरला, तर शरीराची तयारी आधीच झालेली असते.

जीवाणू भरपूर वाढवण्यासाठी त्यांनी एक साधी युक्ती केली. मांसरसाच्या पृष्ठभागावर त्यांनी तुपाचे थेंब सोडले. प्लेगचे जीवाणू या तरंगत्या थेंबांना धरून वाढत आणि खाली रसात झुंबरासारखे लोंबू लागत. बाटली हलवली की झुंबरे तळाशी बसत आणि वर नवी वाढ सुरू होई. काही आठवडे असे केल्यावर रस जीवाणूंनी दाट होई. मग तो तापवून जीवाणू मारायचे आणि कार्बोलिक आम्ल घालून लस टिकवायची. डिसेंबरमध्ये सशांवरचे प्रयोग यशस्वी झाले.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी स्वतःला १० घन सेंटिमीटर लस टोचून घेतली. लोकांना पुढे जेवढी देण्यात आली, त्याच्या कितीतरी पट ही मात्रा होती. जोराचा ताप आणि वेदना झाल्या, पण काही दिवसांत ते बरे झाले.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. सुमारे निम्म्या कैद्यांनी स्वेच्छेने लस घेतली. त्यानंतरच्या दिवसांत लस न घेतलेल्यांपैकी १२ जण आजारी पडले आणि सहा मेले. लस घेतलेल्यांपैकी दोघे आजारी पडले आणि दोघेही वाचले.

निष्कर्ष उत्साहवर्धक होता, तरी त्यात एक कच्चा दुवा होता. ज्यांनी आपणहून लस घेतली, ते मुळातच अधिक धडधाकट नव्हते कशावरून? हा आक्षेप दूर करणारी पाहणी १८९८ मध्ये बडोदा संस्थानातल्या उंधेरा गावात झाली. तिथे घरागणिक माणसांची यादी करून प्रत्येक घरातल्या साधारण निम्म्यांना लस दिली. घर एक, अन्न एक, उंदीरही तेच. फरक फक्त लसीचा. पुढे २८ घरांत प्लेग आला. या घरांतल्या लस घेतलेल्या ७१ जणांपैकी आठ आजारी पडले, तीन मेले. लस न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले, २६ मेले. लसीने प्रत्येकाला वाचवले नाही, पण मृत्यूंमधला फरक इतका मोठा होता की नशिबावर ढकलता येणार नव्हता.

सक्ती आणि विश्वास

याच काळात सरकारचे प्लेगविरोधी धोरण दुसऱ्याच दिशेने चालले होते. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. घरांची झडती, रुग्णांना जबरदस्तीने रुग्णालयात नेणे, सामान जाळणे असे प्रकार सुरू झाले. त्याआधीच ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला होता. पुण्यात घराघरांत सैनिक शिरले. लोकांचा संताप वाढत गेला आणि जून १८९७ मध्ये चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडल्या. पुण्याजवळच प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

अशा वातावरणात सरकारी खोलीत तयार झालेली लस कोणी आपणहून का घ्यावी? लोकांचा विश्वास मिळाला तो त्यांच्या आपल्या माणसांमुळे. खोजा समाजाचे धर्मगुरू आगाखान तिसरे यांनी सर्वांसमक्ष लस टोचून घेतली. त्यांच्यामागून मुंबईतल्या हजारो खोजांनी घेतली. प्रयोगशाळेसाठी त्यांनी आपली इमारतही दिली. काम वाढत गेले आणि १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नर निवासात प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. तिचे प्रमुख होते हाफकिन.

मुलकोवालचे १९ मृत्यू

१९०२ मध्ये पंजाबात प्लेगने थैमान घातले. सरकारला लाखो लोकांना टोचायचे होते. तेवढी लस जुन्या पद्धतीने वेळेत होणे शक्य नव्हते. हाफकिन यांनी झटपट लस करण्याची नवी पद्धत स्वीकारली. तिच्यात कार्बोलिक आम्ल वगळले होते आणि निर्जंतुकीकरणाचा भार उष्णतेवर होता. पॅरिसमध्ये अशी पद्धत रूढ होती.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावात १०७ जणांना पाच बाटल्यांतली लस टोचण्यात आली. आठवडाभराने त्यांपैकी १९ जणांचे जबडे आखडू लागले. तो धनुर्वात होता. एकोणीसच्या एकोणीस मेले. सगळ्यांना लस मिळाली होती ती ५३-एन या एकाच बाटलीतून. उरलेल्या ८८ जणांना काहीही झाले नाही.

बाटलीत धनुर्वाताचे जंतू होते, याबद्दल वाद नव्हता. प्रश्न होता ते शिरले कधी? परळला बाटली भरताना, की मुलकोवालला उघडताना? चौकशी आयोगाने ठपका परळवर ठेवला. कार्बोलिक वगळणे ही गंभीर चूक मानली गेली. हाफकिन यांना प्रमुखपदावरून दूर करण्यात आले. १९०४ मध्ये ते इंग्लंडला गेले. आपल्या लसीने १९ माणसे मारली, हा डाग त्यांच्या नावावर होता.

जंतूची साक्ष

या प्रकरणात खरी साक्ष दिली ती धनुर्वाताच्या जीवाणूने. त्याच्या तीन सवयी ध्यानात घेतल्या की चित्र स्पष्ट होते.

पहिली सवय बीजाणू तयार करण्याची. परिस्थिती प्रतिकूल झाली की हा जीवाणू टणक कवचाच्या बीजाणूत स्वतःला कोंडून घेतो. असे बीजाणू मातीत, शेणात वर्षानुवर्षे टिकतात. सौम्य कार्बोलिकला ते दाद देत नाहीत. म्हणजे बीजाणू बाटलीत शिरलेच असते, तर लसीत घातल्या जाणाऱ्या थोड्याशा कार्बोलिकने ते मेले नसते. मुलकोवालला काय घडले होते? बाटलीचे बूच काढण्याचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला. त्याने तो उचलून कार्बोलिकच्या पाण्यात बुडवला आणि त्यानेच बूच काढले. नियम चिमटा ज्योतीत धरून तापवण्याचा होता. मातीतला बीजाणू अशा ओझरत्या बुडवणीने मरत नाही.

दुसरी सवय वासाची. प्राणवायू नसलेल्या जागी हा जीवाणू वाढतो आणि वाढताना दुर्गंधी सोडतो. बाटली परळला भरली गेली होती ती सुमारे सहा आठवडे आधी. तेव्हाच जंतू शिरून वाढला असता, तर बूच काढताच वास आला असता. लस देणाऱ्या डॉक्टरांनी प्रथेप्रमाणे बाटली हुंगली होती आणि त्यांना वास आला नव्हता.

तिसरी सवय वेळेची. धनुर्वातात माणूस मरतो तो जीवाणूच्या विषाने. बाटलीत सहा आठवडे विष साठत राहिले असते, तर टोचल्यावर लक्षणे लवकर दिसली असती. इथे ती आठवडाभराने दिसली. एवढा काळ मोजक्या बीजाणूंना शरीरात रुजायला, वाढायला आणि विष तयार करायला लागतो. तेव्हा बाटलीत तयार विष नव्हते, ताजे बीजाणू होते.

हे तिन्ही धागे उपलब्ध होते, तरी ते जुळवून मान्य व्हायला वर्षे गेली. चौकशीची कागदपत्रे १९०६ च्या अखेरीस प्रसिद्ध झाल्यावर इंग्लंडमधील शास्त्रज्ञांनी ती तपासली. लंडनच्या किंग्ज कॉलेजातले प्राध्यापक सिम्प्सन यांनी हाफकिन यांची बाजू लावून धरली. हिवतापाचा परजीवी डासात शोधणारे रोनाल्ड रॉस पुढे सरसावले. जुलै १९०७ मध्ये रॉस आणि इतर नामवंत जीवाणुशास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहून हाफकिन यांच्यावरचा आरोप सिद्ध होत नसल्याचे जाहीर केले. संसदेत प्रश्न विचारले गेले आणि त्या वर्षाअखेर हाफकिन यांना पुन्हा नोकरीवर घेण्यात आले.

नंतरची वर्षे

न्याय मिळाला, पण अर्धाच. परळची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही. कलकत्त्यात त्यांची नेमणूक झाली, मात्र तिथे लस तयार करण्याची सोय नव्हती आणि माणसांवर चाचण्या घेण्याची मुभाही नव्हती. लेख लिहिण्यापलीकडे फारसे करण्यासारखे उरले नाही. वयाच्या ५५व्या वर्षी निवृत्त होऊन ते युरोपला परतले. त्यांनी लग्न केले नाही. उतारवयात धर्माचरणाकडे ओढा वाढला आणि आपली संपत्ती त्यांनी ज्यू धार्मिक शिक्षणासाठी ठेवली.

परळचे काम मात्र थांबले नाही. प्लेगचा जीवाणू उंदरावरच्या पिसवांमार्फत माणसापर्यंत येतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवले होते. सुरुवातीला त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. पुढे मुंबईत ग्लेन लिस्टन आणि प्लेग आयोगाच्या शास्त्रज्ञांनी परळच्या प्रयोगशाळेत केलेल्या प्रयोगांनी ते पक्के झाले. प्रयोगशाळेतून १८९७ ते १९२५ या काळात लसीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर गेल्या. १९२५ मध्ये तिला हाफकिन यांचे नाव देण्यात आले; तेव्हा ते हयात होते. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले. भारत सरकारने १९६४ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

आज प्लेगवर प्रतिजैविके उपलब्ध आहेत आणि हाफकिन यांची लस वापरात नाही. त्यांच्या पद्धतीचा गाभा मात्र टिकून आहे. जंतू वाढवायचा, त्याला मारून निरुपद्रवी करायचा आणि त्याच्या अवशेषांनी शरीराला सावध करायचे, या तत्त्वावरच्या लसी आजही दिल्या जातात. लस घेतलेल्यांची न घेतलेल्यांशी तुलना हा आज लसींच्या चाचण्यांचा महत्त्वाचा भाग असतो. उंधेऱ्यात घराघरांतून झाले ते हेच.

आणि धनुर्वाताचे काय झाले? त्याचे विष फॉर्मॅलिन आणि उष्णतेने निष्प्रभ करून त्याचीच लस करता येते, हे गास्ताँ रामाँ यांनी १९२०च्या दशकात दाखवले. तीच लस आज बाळांना आणि गरोदर स्त्रियांना दिली जाते. ती तयार झाली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत, जिथे हाफकिन कधीकाळी साहाय्यक ग्रंथपाल होते.